जुना वाडा की नवा फ्लॅट: वीज खरी कोण जास्त खातं?

घाटमाथा (धागाकर्ता)

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर दर उन्हाळ्यात हा वाद पेटतो, म्हणून इथे विचारतोय.

वाईचं घर शंभरीला आलेलं. जोत्यापर्यंत काळा दगड, वर दगडमातीच्या जाडजूड भिंती, मधे छोटा चौक, माडीवर मंगलोरी कौलं. पुण्यातल्या बावधनचा फ्लॅट तीन वर्षांपूर्वीचा, बाराव्या मजल्यावर, हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला. धाकटे काका म्हणतात, वाईचं बिल शंभर युनिटच्या आत असतं, तेव्हा जुनं घर हेच खरं 'ग्रीन'. वहिनी म्हणतात, तिथे एसी नाही, वॉशिंग मशीन नाही, राहणारी माणसं दोन, मग बिल येणार कशाचं?

मला दोघांचंही अर्धंच पटतं. बिलात घर, उपकरणं आणि माणसांच्या सवयी या तिन्हींची बेरीज असते. मला त्यातलं घर सुटं काढून बघायचंय. दोन्हीकडे एकही यंत्र लावलं नाही, तर कुठलं घर माणसाला कमी छळेल?

वाईच्या माजघरात मे महिन्यात दुपारी चारला फरशी पायाला गार लागते. बावधनला रात्री साडेदहाला पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला तळहात लावला, तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखा लागतो. ऊन जाऊन तेव्हा साडेतीन तास झालेले असतात. आणि याच इमारतीच्या ब्रोशरवर हिरव्या पानाचा शिक्का आहे. जाणकारांनी उजेड पाडावा.

दुपारची_झोप

खुर्ची टाकून बसले आहे. आमच्याकडेही हीच भांडणं, फक्त वाईऐवजी मिरज.

विटकरी

घाटमाथा, भिंत कशाची आहे ते आधी बघा. ड्रिल मारल्यावर लाल भुकटी पडली तर वीट, पांढरी पडली आणि बिट लोण्यात घुसावं तसं गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा. ड्रिल किंचाळून अडलं आणि करडी भुकटी पडली, तर ती भिंत सबंध काँक्रीटची. हल्ली उंच इमारतींत अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅब आणि भिंती एकदमच ओततात. साइटवर सगळे त्याला 'मायवन' म्हणतात. काम झपाझप होतं, प्लास्टर वाचतं, भूकंपालाही चांगली. पण उन्हापुढे ही भिंत लंगडी.

आकड्यांत सांगतो. आतबाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता झिरपते, ती तिची यू-व्हॅल्यू. सहा इंची काँक्रीटची साडेतीनच्या आसपास. नऊ इंची विटेची, दोन्हीकडून प्लास्टर धरून, सुमारे दोन. आठ इंची एएसी ब्लॉकची पाऊण. तुमची पश्चिमेची भिंत दहा बाय दहा फूट, म्हणजे नऊ चौरस मीटर धरू. उन्हाचा मारा हिशेबात घेऊन २० अंशांचा फरक धरला, तर काँक्रीटमधून सहाशे वॅटच्या वर उष्णता आत येते, एएसीतून दीडशेच्या आत. दीड टनाचा एसी खोलीतून जास्तीत जास्त सव्वापाच हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला आठवा हिस्सा ही एक भिंतच खाऊन बसली. खिडकीची काच, छत, माणसं अजून मोजलेलीच नाहीत.

हे झालं 'किती'. 'कधी' हेही तितकंच महत्त्वाचं. दोन फुटी दगडमातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचायला दहाबारा तास लागतात. तोवर मध्यरात्र होते, बाहेरची हवा गार पडते आणि चौकाच्या वाटेने घर थंड होतं. सहा इंची काँक्रीटला जेमतेम चार तास लागतात. पश्चिमेला ऊन पडतं दुपारी तीन ते सहा, म्हणून तुमचा पलंग रात्री दहाला तापतो. गणित चोख आहे.

नियम नाहीत असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांतून येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत, छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत, दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या घराच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश. आणि आपला साधा स्लॅब? त्याची साडेतीनच्या वर जाते. बुकिंग करताना आपण टाइल्सची कंपनी विचारतो, भिंत कशाची हे कोणी विचारत नाही.

घाटमाथा

भुकटी करडीच पडली होती. टीव्हीचा ब्रॅकेट लावताना इलेक्ट्रिशियनचे दोन बिट गेले.

पिंपळपार

म्हणजे आपल्या पूर्वजांनी सगळा विचार आधीच केला होता. चौक, जाड भिंती, झरोके, देवळ्या. हे सगळं सोडून आपण पाश्चात्त्यांचे काचेचे डबे उचलले. वाडे पाडून टॉवर बांधणाऱ्यांनी हे वाचावं.

सोप्यावरची

पिंपळपार, मी वाड्यात नांदले आहे म्हणून लिहिते. माजघर गार असतं खरं, पण तिथे दिवसाढवळ्या तांदूळ निवडायचे तर दिवा लावावा लागतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बल्ब चालू असायचा, साठचा, पिवळा. माडी तर विसराच. कौलांखाली मे महिन्यात दुपारी झोपून दाखवा. खाली गार का, तर वरची माडी ऊन अंगावर घेते म्हणून. त्या माडीवर राहायचं कोणी, हा प्रश्न घरात नवीन सून आली की सुटायचा.

आणि पाणी तापवायचं काय? बंब. रोज पहाटे लाकडं, शेणकुटं, धूर. ते सरपण कुठल्या मीटरवर दिसतं? वाईचं बिल शंभर युनिटच्या आत असेलही, पण तिथला बंब आणि चूल मोजली का? मोजून मग बोला.

दुपारची_झोप

सोप्यावरची ताई, दंडवत. नवीन सुनेचं अगदी अगदी.

वऱ्हाडी_ठेचा

अकोल्याहून लिहितो. पुण्यातल्या पस्तीस-अडतीसच्या 'उन्हाळ्या'वर वाद घालणारे पाहून हसू येते भाऊ. आमच्याकडे पंचेचाळीस ओलांडते.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर हातभर मातीचा थर. दुपारी बारा ते पाच आत बसा, पंखाही पुरते. रात्री मात्र हेच घर सोसवत नव्हते, कारण दिवसभर प्यालेली उष्णता भिंती आत सोडत. म्हणून सगळे खाटा घेऊन अंगणात नाही तर धाब्यावर. म्हणजे घर गार होते ते अर्धा दिवस, उरलेला अर्धा दिवस अंगण होते म्हणून चालून जाय. फ्लॅटवाल्याने अंगण कुठून आणावे?

आता स्लॅबचं घर आहे. एप्रिल-मेमध्ये कूलर. मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. हवा कोरडी आहे तोवर कूलरला तोड नाही, वाळ्याच्या ताट्या लावल्या तर वासही. पण मृगाचा पाऊस पडला, हवेत ओल आली, की तोच कूलर नुसती चिकचिक करते. म्हणून सगळ्यांना एकच उपाय सांगू नका. कोकणात कूलर नेऊन उपयोग नाही अन् अकोल्यात नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही. मे महिन्यात दुपारी खिडकी उघडली तर लूच आत येते.

तेरणाकाठ

हा धागा वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण जाड भिंतीचं कौतुक आमच्या भागात जरा जपून करावं लागतं.

मी लातूर जिल्ह्यातला, किल्लारीपासून जवळचा. आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडाच्या तुळयांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी वर नवीन माती टाकायची, म्हणजे गळत नाही. वर्षागणिक थर चढत गेला, छत जड होत गेलं. घर गारच होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. ज्या भिंती आणि ज्या मातीमुळे घर गार राहायचं, त्यांच्याखालीच माणसं गेली. हजारो.

पुनर्वसनात नवी घरं मिळाली. पातळ भिंती, रांगेत घरं, गुरांना जागा नाही, मे महिन्यात आत बसवत नाही. लोक कुरकुरले, काहींनी पुढे पत्र्याचे सोपे काढले. पण माझी आजी दगडी भिंतीच्या घरात पुन्हा कधी झोपली नाही. कुणाकडे मुक्कामाला गेली तरी अंगणात. घर गार हवं हे खरं, पण ते अंगावर पडता कामा नये हे त्याआधी येतं. आता दगडी भिंती बांधायच्याच तर आडवे काँक्रीटचे पट्टे आणि भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालून सुरक्षित बांधता येतात. ते न करता 'पूर्वजांचं शास्त्र' म्हणून कोणी माळवद टाकायला सांगत असेल तर ऐकू नका.

विटकरी

तेरणाकाठ, हे लिहिलंत ते बरं केलंत. म्हणूनच एएसी ब्लॉक मला बरे वाटतात. वजन विटेच्या निम्म्याहून कमी, उष्णता अडवण्यात विटेच्या पुढे. फक्त बांधणारा हवा. घाईने बांधलं तर सांधे फुटतात, भेगांतून पाणी येतं आणि मग लोक ब्लॉकला नावं ठेवतात.

पिंपळपार

माझा सूर जरा जास्तच लागला होता. तरी वाडे पाडण्याबद्दलचं मत कायम आहे. चौकाचं तरी काय चुकलं?

विटकरी

चौकाचं काहीच नाही. मोकळ्या चौकात एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधायला मिळणारं क्षेत्र, वापरता येत नाही एवढंच.

चिरेबंदी

कोकणातली गंमत सांगतो. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, वर नळ्यांचं नाही तर मंगलोरी कौलांचं छप्पर, हे घर दमट हवेला बरोबर. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पुढे मुंबईकर चाकरमानी पैसे पाठवायला लागले, तसे गावात स्लॅब पडले. दर वर्षी कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, माकडं कौलं फोडतात, हेही खरंच. पण स्लॅब पडला आणि दोन पावसांत गळायला लागला. मग गळती थांबवायला स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले. आता वाडीत फिरलात तर निम्म्या स्लॅबच्या घरांवर पत्र्याची टोपी दिसेल.

ती घातल्यावर खालच्या खोल्या गार झाल्या! ऊन पत्रा खातो, मधून वारा जातो, स्लॅब सावलीत. दिसतं भिकार, पण खाली पंखा एकवर चालतो.

मीटर_बघा

सगळे भिंतींवर घसरलात. जरा मीटरकडे या.

घर आणि उपकरणं वेगळी मोजायची म्हणता ना, मग आधी उपकरणांचा हिशेब. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. चार पंखे म्हणजे चौसष्ट. जुनी ट्यूब चाळीसची, वर चोक दहा-पंधरा वॅट खातो, एलईडी ट्यूब वीसची. साठच्या बल्बच्या जागी नऊचा एलईडी. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं आहे, दुकानात बघून घ्या. ही सगळी बचत वाड्यातही होते आणि टॉवरमध्येही. नवीन घरात ती दिसते ती घर नवीन म्हणून नाही, आपण सामान नवीन घेतलं म्हणून.

शिवाय महावितरणचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, त्यापुढे. वरच्या टप्प्यातलं युनिट महाग. म्हणून मे महिन्यात युनिट दीडपट होतात तेव्हा रक्कम दीडपटीच्याही वर जाते आणि आपल्याला वाटतं मीटर पळतंय.

आता जे कोणीच मोजत नाही ते. टॉवरमधलं तुमचं अर्धं बिल तुमच्या मीटरवर नसतंच, मेंटेनन्समध्ये असतं. चार लिफ्ट, प्रेशर पंप, बेसमेंटचे एक्झॉस्ट, रात्रभरचे पार्किंगचे दिवे, क्लबहाउस, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटचा ब्लोअर, तो जवळजवळ दिवसभर चालतो. घाटमाथा, सोसायटीच्या सामायिक मीटरची वर्षभराची बिलं मागवा, युनिटला फ्लॅटच्या संख्येने भागा आणि तुमच्यात मिळवा. वाईला आडाचं पाणी शेंदून किंवा अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरने चढतं. इथे ते बारा मजले चढतं आणि वापरून झालं की प्लांटमध्ये जाऊन पुन्हा फ्लशसाठी वर येतं.

घाटमाथा

मागवली. सेक्रेटरींनी आधी विचारलं, 'तुम्हाला कशाला हवीत?' मग दिली. भागाकार केल्यावर आमच्या वाट्याला येणारी सामायिक वीज घरातल्या फेब्रुवारीच्या बिलाच्या जवळपास निघाली. काका गटावर टाळ्यांचे इमोजी टाकताहेत. वहिनींनी बंबाचा मुद्दा टाकून त्यांना गप्प केलंय.

इसारकाठ

म्युनिकहून. इथे नेमका उलटा प्रश्न, घर गार नाही, गरम ठेवायचं. महायुद्धापूर्वीच्या इमारती दिसायला देखण्या, उंच छत, जाड विटांच्या भिंती, पण हिवाळ्यात हीटिंगचा खर्च बघून डोळे पांढरे होतात. १९७३ चं तेलसंकट आल्यावर १९७७ मध्ये जर्मनीने पहिला उष्णतारोधक बांधकामाचा नियम केला, तेव्हापासून तो कडकच होत गेला. त्यामुळे इथे 'घर कुठल्या सालचं' हा भाडेकरूचा पहिला प्रश्न. घर भाड्याने देताना मालकाला ऊर्जेचा दाखला दाखवावाच लागतो. त्यावर दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. तीसच्या आत असेल तर सगळ्यात वरचा वर्ग, अडीचशेच्या वर गेलं की सगळ्यात खालचा.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. इथल्या बहुतेक घरांत एसी नाही, तरी उन्हाळ्याच्या लाटा आता इथेही येतात. त्यात तगतात ती घरं, ज्यांच्या खिडकीला बाहेरून गुंडाळायची झडप आहे. आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदाच तापतो आणि खोली तापवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर.

सोप्यावरची

आमच्याकडे त्याला छज्जा आणि चिक म्हणत. हल्ली छज्जा काढून टाकतात, 'एलिव्हेशन' बिघडतं म्हणे.

मीटर_बघा

बीईईने, म्हणजे उपकरणांना तारे देणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०१९ मध्ये घरांसाठीही स्टार लेबल आणलं आहे. फ्रिजचे तारे मोजणारा माणूस ऐंशी लाखांच्या घराचे मोजत नाही. आणि ब्रोशरवरचं हिरवं पान म्हणजे विजेचीच हमी नव्हे. त्या गुणांकनात पाणी, कचरा, झाडं, बांधकामाचं साहित्य असं पुष्कळ काही येतं. कुठल्या रकान्यात किती गुण मिळाले ते मागून बघा.

घाटमाथा

म्हणजे उपकरणं आणि सामायिक मीटर बाजूला ठेवले, तर नुसतं घर म्हणून वाईचा खालचा मजला जिंकतो, माडी हरते. आणि बावधनचा फ्लॅट पूर्वेकडच्या खोल्यांत ठीक, पश्चिमेला नापास. आता सांगा, पश्चिमेचं करू काय? भिंत तर बदलता येत नाही.

विटकरी

क्रमाने सांगतो, स्वस्तापासून.

पलंग त्या भिंतीपासून हलवा, कपाटं तिथे न्या. बाल्कनीला बाहेरच्या कडेला बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट लावा. सोसायटी नाही म्हणाली तर रंग त्यांच्या पसंतीचा घ्या, पण बाहेरच लावा. खिडक्या दुपारी बंद, रात्री नऊनंतर सताड उघड्या. तुमच्या सरकत्या खिडक्या निम्म्याच उघडतात, हा नवीन घरांचा मोठा तोटा. जुनी दोन पाखांची खिडकी पूर्ण उघडायची. पुढेमागे बदलाल तेव्हा तशी बिजागरीची घ्या. एसी लावलाच तर २६ वर, सोबत पंखा. बीईईच्या मते एक अंश वर नेला की सहा टक्के वीज वाचते. भिंतीला आतून इन्सुलेशन करता येतं, पण जागा जाते आणि काम नीट झालं नाही तर मागे ओल धरते. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

दुपारची_झोप

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आहोत, आमचं काय? ब्रिक बॅट कोबा (गळती अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आहे तरी छत तापतंच.

विटकरी

कोबा पाण्यासाठी, उन्हाला तो थोडाफारच अडवतो. त्यावर पांढरा चायना मोझेक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. अहमदाबादेत आणि तेलंगणात गच्च्या पांढऱ्या करण्याच्या सरकारी योजनाच आहेत. साधा चुनाही चालतो, फक्त पावसात धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो. आणि धूळ बसली की पांढऱ्याचा करडा होतो आणि उपयोग निम्म्यावर येतो, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये एकदा गच्ची धुऊन घ्यायची.

चिरेबंदी

सोलर पॅनल लावले तरी खाली सावली पडतेच की. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. आमच्या गावात पत्र्याऐवजी आता लोक तेच बघताहेत.

विटकरी

बरोबर, पण क्रम चुकवू नका. आधी गळती बघा. ओल धरलेल्या स्लॅबवर रंग लावला तर दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघतात, आणि पॅनलचे पाय ठोकताना वॉटरप्रूफिंग फोडलंत तर खालच्याचं छत गळणार. पाय ठोकून न बसवता वजनाच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करायला सांगा. वारा किती, स्लॅबला वजन किती झेपतं, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. आमच्या ओळखीत एकांनी न विचारता काम केलं आणि आता सोसायटीत दोन मजले एकमेकांशी बोलत नाहीत.